बाबांची नऊ वर्षांची गाडी थेट डीलरला द्यायची आहे. फोनवरचा भाव आणि समोरचा भाव यांत एवढा फरक का?

मागचा_आरसा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील, म्हणून सगळं लिहिते.

बाबांची गाडी विकायची आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना कडेचं कमी दिसतं. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कुणाला लागायच्या आत विकून टाक." गाडी पेट्रोलवरची, हातानं गिअर टाकायची. नऊ वर्षं झाली, ६१ हजार किलोमीटर चालली आहे. पहिल्या दिवसापासून एकच मालक. सर्व्हिसिंग पहिली पाच वर्षं कंपनीच्या केंद्रात, नंतर ओळखीच्या गॅरेजमध्ये. मागच्या डाव्या दाराला एकदा पार्किंगमधल्या खांबाचा मार बसला होता. ते डेंटिंग-पेंटिंग करून घेतलंय. बाकी किरकोळ ओरखडे.

आधी घरगुती गिऱ्हाईक शोधलं. जाहिरात टाकल्यावर तीन आठवड्यांत सहा जण येऊन गेले. एक जण चालवून बघतो म्हणून गाडी घेऊन गेला तो पाऊण तासानं परतला. तो सगळा वेळ मी फाटकाशी उभी होते. दुसरा म्हणाला, पैसे आजच घ्या, कागदांचं सावकाश बघू. मी कामावर गेले की बाबा घरात एकटे असतात. अनोळखी माणसांनी वेळी-अवेळी दार वाजवणं मला नको वाटतं. म्हणून सरळ डीलरला द्यायचं ठरवलं.

इथे गाडं अडलंय. रकमा लिहीत नाही, प्रमाणात सांगते. पहिल्या शोरूमनं फोनवर जो भाव सांगितला तो १०० धरा. गाडी घेऊन गेलो, त्यांच्या माणसानं वीस मिनिटं बघितली आणि भाव सांगितला ७१. दुसऱ्या ठिकाणी ९० म्हणाले, पण तिथूनच नवी गाडी घेतली तर. नवी नको, नुसती हीच विकायची आहे म्हटल्यावर ७६. पहिल्या ठिकाणाहून परत येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. नऊ वर्षं त्यांनी ती गाडी स्वतःच्या हातानं पुसली आहे.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. १०० चे ७१ होणं ही फसवणूक आहे की हे असंच चालतं? त्या दाराचा रंग उन्हात जरा वेगळा दिसतो आणि ओरखडेही आहेत, तर विकण्याआधी पैसे घालून ते नीट करून घेऊ का? आणि कर्ज चार वर्षांपूर्वीच फिटलंय, तरी नोंदणीच्या कागदावर अजून कर्ज देणाऱ्यांचं नाव दिसतं, त्यानं काही अडेल का?

---

लांबचा_पल्ला

मी माझी गाडी स्वतः विकली होती. डीलर देत होता त्यापेक्षा बरेच जास्त मिळाले, पण अडीच महिने लागले आणि प्रत्येक शनिवार-रविवार त्यात गेला. तुमच्या घरची परिस्थिती वाचून मी तरी तो मार्ग सुचवणार नाही. फक्त दोन ठिकाणं बघून थांबू नका, निदान चार बघा. माझ्या गाडीला एकाच दिवशी मिळालेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भावात पाचवा हिस्सा एवढा फरक होता. गाडी तीच, दिवसही तोच.

---

खरेदी_टेबल

ताई, मी ११ वर्षं एका शोरूममध्ये जुन्या गाड्या विकत घेण्याच्या टेबलावर होतो. तुमच्या गाडीभोवती वीस मिनिटं फिरणारा जो माणूस असतो, ते माझं काम. आता ते सोडलं आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

फोनवरचा १०० हा तुमच्या गाडीचा भाव नव्हता. त्या वर्षाची, त्या मॉडेलची, काहीही दोष नसलेली गाडी असती तर तिचा तो भाव, आणि "दोष नसेल तर" हे शब्द फोनवर कुणी उच्चारत नाही. मलाही असे आकडे सांगायला लावत. मला ते कधीच आवडलं नाही, कारण माणूस आल्यावर त्याचा उतरलेला चेहरा मलाच बघावा लागे. सगळीकडे असं नसतं. ओळखायचं कसं, तर फोनवर त्यांनी तुम्हाला काय काय विचारलं ते आठवा. फक्त मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर विचारून आकडा सांगितला असेल तर तो सोडून द्या. टायर कधी बदलले, किल्ल्या किती आहेत, कुठे रंगकाम झालंय का, कर्जाची नोंद आहे का, हे विचारून जो आकडा सांगतात तो समोर गेल्यावर फारसा हलत नाही.

आता ७१ कसा येतो ते सांगतो. तुम्ही हिशेब विकत घेतलेल्या किमतीपासून सुरू करता: एवढ्याला घेतली, एवढी वर्षं झाली, म्हणजे एवढे यावेत. डीलर उलट बाजूनं येतो. ही गाडी माझ्या दारातून पुढच्या गिऱ्हाइकाला कितीला जाईल, इथून तो सुरू करतो आणि मागे येत वजा करत जातो. त्याचा नफा वजा. टायर, ब्रेक, पॉलिश, जे काही करावं लागेल ते वजा. गाडी किती दिवस उभी राहील, तेवढ्या दिवसांचं अडकलेल्या पैशांवरचं व्याज आणि जागा वजा. विकल्यावर तो जी वॉरंटी देतो, तिच्यात काही निघालं तर, त्यासाठी थोडे वजा. हे सगळं झाल्यावर शेवटी आणखी एक वजाबाकी असते, ती कुठल्याही कागदावर लिहीत नाहीत. ती शंकेची. जे त्याला दिसलं नाही किंवा दिसलं पण कळलं नाही, त्याचे पैसे तो तुमच्याकडून आधीच कापून घेतो. नफा आणि व्याज तुमच्या हातात नाही. शंका मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवात दोन डीलरांच्या भावातला मोठा फरक तिथेच पडतो.

त्या वीस मिनिटांत मी काय बघायचो ते लिहितो, म्हणजे तुम्हालाही आपली गाडी तशी बघता येईल.

पहिल्यांदा रंग. रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्र असतं, ते पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा दाखवतं. कारखान्यातून आलेला रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. दुसऱ्यांदा रंग मारला की तो २५०, ३०० असा चढतो, आणि खाली लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर हजाराच्याही वर जातो. एकेका पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवायचं. म्हणजे तुमच्या त्या दाराचं काम झालंय हे पहिल्या शोरूमला दारापाशी पोचताच कळलं. ते तुम्ही सांगितलं होतं की त्यांनी शोधलं? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पुढे येतो.

मग दारांचे, बॉनेटचे, डिकीचे बोल्ट. कारखान्यात बोल्ट लावून झाल्यावर त्यावर रंग चढतो. पाना लागला की कडेचा रंग उडतो. बोल्टला पाना लागलेला नसेल तर ते दार गाडीवरून कधी उतरलंच नाही, म्हणजे मार वरवरचा. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्यांवरून ती कोणत्या वर्षाची हे समजतं. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली हे विचारायचं. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघायचा, कारण मागून बसलेली धडक तिथे सुरकुतीसारखी दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ सगळीकडून धुतला तरी बेल्टच्या आतल्या टोकाला राहतो.

टायरवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२१९ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. पुष्कळ मालक "टायर नवेच आहेत" म्हणायचे आणि आकडे बघितले की सहा वर्षं झालेली असायची. ते खोटं बोलत नसत, त्यांना ते बदलल्याचं कालपरवाचंच वाटत असे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला.

शेवटी स्टीअरिंगच्या खाली स्कॅनर जोडायचा, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या चुका तो वाचून दाखवतो. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. विकायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन इंजिनाचा दिवा "घालवून" आणू नका. चूक पुसली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. स्कॅनरवर त्या अपुऱ्या दिसल्या की मला कळायचं, काल काहीतरी पुसलंय. काय पुसलं ते कळत नाही, म्हणून मी सर्वांत वाईट तेच धरायचो. शंभरातले दोन कापले असते तिथे सात कापायचो.

रंगकामाबद्दल त्याच कारणानं सांगतो, नका करू. ताजा रंग म्हणजे "इथे काय झाकलंय?" हा नवा प्रश्न. शिवाय तुम्हाला एका दाराला जो खर्च येईल, त्याहून कमीत शोरूम ते करून घेतं, कारण त्यांचा रंगारी ठरलेला आणि रोजचा. तुम्ही घातलेला पैसा परत येत नाही. इंजिन धुऊन चकाचकही करू नका, ओलं इंजिन बघून तेलाची गळती लपवली असं वाटतं. गाडी आतून-बाहेरून साध्या पाण्यानं स्वच्छ करा, डिकी रिकामी करा, बंद पडलेले बल्ब आणि फाटलेले वायपर बदला. आणि दुसरी किल्ली शोधा. चिपची किल्ली नव्यानं करून घ्यायला वेळही जातो आणि पैसाही, आणि एक किल्ली कमी म्हणजे ती कुणाकडे आहे हा प्रश्न उरतो.

९० आणि ७६ मधलं कोडं सोपं आहे. ते वरचे १४ तुमच्या गाडीचे नव्हतेच. नव्या गाडीवर जी सूट मिळाली असती ती तिथून काढून इथे दाखवली. ज्याला नवी गाडी घ्यायची आहे त्यानंसुद्धा दोन्ही आकडे वेगवेगळे मागावेत: जुनी न देता नवी कितीला, आणि नवी न घेता जुनी कितीला. तुमच्यासाठी ७६ हाच त्यांचा भाव.

शक्यतो त्याच कंपनीची शोरूम गाठा. आपल्या कंपनीची गाडी ते तपासून, प्रमाणपत्र देऊन, जास्त भावानं विकू शकतात. दुसऱ्या कंपनीची आली की पुष्कळदा ती पुढच्या व्यापाऱ्याला किंवा लिलावात जाते, म्हणजे मध्ये आणखी एकाचा नफा सुटावा लागतो. आणि जिथे जाल तिथे भाव लिहून मागा, किती दिवस बांधील आहे त्या तारखेसह. तोंडी भाव दारातून बाहेर पडलं की विरतो.

कर्जाची नोंद आधी उतरवा, ते सगळ्यांत आधी. कर्ज देणाऱ्याकडून फिटल्याचा दाखला घ्या आणि नोंदणीच्या कागदावरून नाव काढून घ्या. नाहीतर डीलर म्हणेल, थोडे पैसे राखून ठेवतो, नाव निघालं की देतो. त्या राखून ठेवलेल्या पैशांच्या मागे लोकांना महिनोन् महिने फिरताना मी पाहिलंय.

एक विचारतो. बाबांनी गाडीच्या काही नोंदी ठेवल्या आहेत का? पावत्या, वही, काहीही?

---

फळा_आणि_खडू

वरच्या उत्तरातल्या "शंकेच्या वजाबाकी"वरच अर्थशास्त्राचा एक मोठा विचार उभा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन तो मांडला. विकणाऱ्याला गाडी आतून माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही सरासरी भाव देतो. सरासरी भावात आपली चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. चांगल्या गाड्या कमी झाल्या की सरासरी आणखी खाली येते, आणि हे असंच चालू राहतं. तो निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ताई, तुमच्या बाबांना एवढं जरूर सांगा की ७१ हा त्यांच्या नऊ वर्षांच्या निगराणीवरचा शेरा नाही. ती निगराणी त्या माणसाला दिसलीच नाही, म्हणून त्यानं सरासरीचा भाव दिला. दिसेल असं करायचं, एवढंच उरतं.

---

पावती_जपून

भावाबद्दल सगळं आलंय, मी ताब्याबद्दल लिहितो, कारण त्यात मी पोळलोय.

मी माझी गाडी एका डीलरला दिली. पैसे मिळाले, किल्ली दिली, कागदांवर सह्या केल्या. "नावावर करायचं आम्ही बघतो" म्हणाले. मी निर्धास्त झालो. पाच महिन्यांनी माझ्या नावावर वेगमर्यादा ओलांडल्याचे दंड यायला लागले, एकापाठोपाठ तीन. गाडी तोवर दोघांच्या हातांतून गेली होती आणि कागदावर मालक मीच. गाडी त्या दिवशी माझ्याकडे नव्हती हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? एक साधी पावती, तीवर रक्कम आणि तारीख. वेळ नाही, किलोमीटर नाही, गाडी कुणी नेली त्याचं नावही नाही. दंड शेवटी डीलरनं भरले, पण त्याआधी चार महिने माझी झोप गेली होती. त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर काय, हा विचार रात्री यायचा.

म्हणून किल्ली देताना ताबापावती करा. तिच्यावर तारीख हवीच, पण घड्याळातली वेळही हवी, मिनिटासकट. किलोमीटरचा आकडा, चासी नंबर (१७ अक्षरं आणि अंक असतात, त्यांत आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य), इंजिन नंबर, किती किल्ल्या दिल्या, ताबा घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही, शोरूमचा शिक्का. "या वेळेनंतरचे दंड, अपघात आणि दावे घेणाऱ्याकडे" असं एक वाक्य. कोऱ्या अर्जावर सही अजिबात नाही, भरलेला अर्ज वाचून मगच. ओळखपत्राच्या प्रतीवर आडवी रेघ मारून "फक्त या गाडीच्या विक्रीसाठी" असं लिहा आणि तारीख टाका. भरलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो. आणि विकल्याचं नोंदणी कार्यालयाला मालकानं स्वतः कळवायची जी पद्धत असेल ती स्वतःच पार पाडा, डीलरवर सोडू नका.

विम्याचंही. विमा कंपनीला विक्रीचं कळवल्याशिवाय गप्प बसू नका.

---

मागचा_आरसा

एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. अकरलॉफ यांची गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

नोंदींबद्दल. बाबांची एक वही आहे. पेट्रोलची. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, किती लिटर. नऊ वर्षांची. मधूनमधून "तेल बदलले", "पुढचे दोन टायर", "बॅटरी" अशा ओळी आहेत. आम्ही लहानपणापासून त्यांच्या वह्या बघत आलोय म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. ही दाखवायची का?

दाराबद्दल विचारलंत. पहिल्या ठिकाणी आम्ही सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, विचारलं तर सांगू. त्यांनी यंत्र लावलं, एकमेकांकडे बघितलं आणि काही विचारलंच नाही.

---

खरेदी_टेबल

ताई, ती वही माझ्या टेबलावर आली असती तर मी खुर्ची पुढे ओढून ती पहिल्या पानापासून वाचली असती.

गाडीवरचा किलोमीटरचा आकडा हा सगळ्यांत जास्त शंकेचा आकडा. तो मागे फिरवता येतो आणि फिरवतात. नऊ वर्षं, दर दहा-पंधरा दिवसांनी, वेगवेगळ्या पेनांनी, सलग चढत गेलेला आकडा कुणाला एका रात्रीत बनवता येत नाही. शिवाय लिटर आणि किलोमीटर दोन्ही आहेत म्हणजे गाडी दर लिटरला किती चालते ते काढता येतं. नऊ वर्षांत तो आकडा फारसा पडला नसेल तर इंजिनाची तब्येत ठीक असल्याचा तो चांगला पुरावा. पहिल्या वर्षाचा आणि शेवटच्या वर्षाचा हिशेब काढून एका कागदावर लिहून न्या. वही मूळच न्या, पण हातातून सोडू नका, हवं तर त्यांना झेरॉक्स द्या.

दाराचं आपण होऊन सांगा. बाबांचं मन मला कळतं. आपल्या तोंडानं आपल्या वस्तूचा दोष कसा काढायचा असं वाटतं. पण त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि विचारलं नाही, ते का माहीत आहे? त्यांना उत्तर नकोच होतं. न सांगितलेलं एक दार सापडलं की मी बाकीच्या तीन दारांचाही भरवसा सोडून द्यायचो. उलट कुणी गाडी थांबवताच म्हणालं की "हे दार खांबाला घासलं होतं, अमुक साली, ही त्या कामाची पावती", तर मी फक्त दाराचे कापायचो. दुरुस्तीची पावती आणि त्या वेळचा फोटो असेल तर सोबत न्या. बोल्टांना पाना लागलेला नसेल तर तेही त्यांना दाखवा, "दार उतरवलं नव्हतं" म्हणून.

जमलं तर तपासणी सकाळी ठेवा आणि त्यांच्या माणसाला रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करू द्या. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे सांगतं ते गरम इंजिन दिवसभरात सांगत नाही. ज्याची गाडी चांगली आहे त्यानं हे मागून घ्यावं. चालू करण्याआधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ असली की पूर्ण भरलेली समजतात. १२.४ च्या खाली असेल तर आदल्या दिवशी तासभर चालवा किंवा चार्ज करून घ्या.

---

मागचा_आरसा

पाच आठवडे झाले. ज्यांनी लिहिलं त्यांना काय झालं ते कळायला हवं.

आधी कर्जाची नोंद. दाखला मिळायला अकरा दिवस लागले, कारण त्यांच्याकडे बाबांचा जुना पत्ता होता. नाव उतरायला त्यानंतर आणखी दोन आठवडे. तेवढे दिवस थांबले याचं आता समाधान आहे.

फाइल केली. सगळ्यात वर दाराची पावती आणि बाबांनी त्या दिवशी काढलेला फोटो, मग सर्व्हिसच्या पावत्या तारखेनं लावून, मग एक पान माझ्या अक्षरात: पहिल्या वर्षी लिटरला १५.८ किलोमीटर, शेवटच्या वर्षी १५.१. दुसरी किल्ली आईच्या जुन्या शिवणाच्या डब्यात सापडली.

आणखी दोन ठिकाणी गेलो. एक दुसऱ्या कंपनीची शोरूम. त्यांनी वही उघडलीच नाही, ७५ म्हणाले. दुसरी याच कंपनीची, थोडी लांब. तिथे सकाळी साडेनऊला गेलो. एक चाळिशीच्या बाई तपासणीला होत्या. गाडी थांबवल्या थांबवल्या बाबांनीच दाराकडे बोट दाखवलं. मी काही बोलायच्या आधी. बाईंनी यंत्र लावलं: बाकी पत्रे १०५ ते १३०, ते दार ३४०. लांबी भरलेली नाही म्हणाल्या. बोल्ट बघितले, मान हलवली. मग त्या वही घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ पानं उलटत होत्या. बाबांना एवढंच विचारलं, "एकही नोंद चुकली नाही?" बाबा म्हणाले, "दोन चुकल्या. त्या वर्षी हिची आई आजारी होती." त्यांनी ती पानं काढून दाखवली.

भाव आला ८६. तो लेखी, पाच दिवस बांधील. दाराचे आणि मागच्या दोन टायरांचे किती कापले तेही त्यांनी वेगळं लिहून दिलं. टायर बाबांच्या मते नवे होते, आकडे सात वर्षांपूर्वीचे निघाले. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा चेहरा पडला. मी ८८ मागितले, ८७ ला ठरलं. नोंद आधीच उतरलेली होती, त्यामुळे पैसे राखून ठेवायचा विषयच निघाला नाही.

पावती_जपून, तुमचं लिखाण मी छापून सोबत नेलं होतं. ताबापावतीत वेळ लिहा म्हटल्यावर तिथला मुलगा म्हणाला, आमच्या छापील पावतीत वेळेचा रकाना नाही. बाई म्हणाल्या, मग हातानं लिही. कोऱ्या सहीचा प्रश्न आला नाही, अर्ज भरून समोर ठेवला आणि बाबांनी भिंग लावून पूर्ण वाचला. वीस मिनिटं. कुणी घाई केली नाही. पैसे बाबांच्या खात्यात आल्याचं बँकेच्या ॲपवर बघितलं आणि मगच किल्ल्या दिल्या. गाडीतल्या पडद्यावरून बाबांचा फोन आणि घरचा पत्ता पुसून घेतला, हे मला ऐनवेळी आठवलं, बाकीच्यांनी विसरू नका.

वहीची झेरॉक्स त्यांना दिली. मूळ वही घरी आहे. शेवटची ओळ बाबांनी तिथेच, शोरूमच्या टेबलावर लिहिली. तारीख, त्याखाली ६१,४३२, आणि लिटरच्या रकान्यात: "११ वाजून २० मिनिटांनी ताबा दिला."